पोचराव आणि किनाऱ्यावरच्या हरकती

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण तिथून ते कधी कुणी बाहेर काढलं नाही. खात्यात सगळे त्यांना पोचराव म्हणायचे. आवक-जावक विभागात ते एकतीस वर्षं बसले. आलेला कागद नोंदवायचा, त्यावर शिक्का मारायचा आणि आणणाऱ्याच्या हातात पोच द्यायची, एवढंच त्यांचं काम. ‘सगळ्या जगाला पोच देतात, पण स्वतःला पाचपोच नाही,’ असा एक विनोद खात्यात नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगितला जायचा. तो साफ खोटा होता. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर टंकलेखनाला होते, अकरा वर्षं. शिपायालाही ‘जरा त्रास देतो हं’ म्हटल्याशिवाय हाक न मारणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

त्यांच्याकडे अभिमान बाळगावा असं एकच होतं, ते म्हणजे अक्षर. ओळीत उभं राहिलेलं, एकमेकांना धक्का न लावणारं. वरिष्ठांच्या मुलांच्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते गेली कित्येक वर्षं तेच लिहीत आले होते.

आमचं खातं किनारी विकासाचं. पण कचेरी शहराच्या मध्यावर, पाचव्या मजल्यावर, आणि खिडकीतून दिसायची ती समोरच्या बँकेची भिंत. पोचराव तर पठारावर वाढलेले. समुद्र त्यांनी लग्नानंतर एकदाच पाहिला होता. त्यांना होडीत बसवलं आणि बोट अशी लागली, की किनाऱ्यावर परत येईपर्यंत नव्या नवरीनेच, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांचं डोकं धरून ठेवलं. त्यानंतर तो विषय घरात निघाला की काकू हसायच्या आणि पोचराव वर्तमानपत्र उलगडायचे.

अशा माणसाला खात्याने समुद्रावर धाडलं, त्याची ही हकीकत. मला ती त्यांनीच सांगितली, पण तुकड्यातुकड्यांत, आणि दर तुकड्याला ‘हे काही सांगण्यासारखं नाही’ असं म्हणत.

झालं असं, की ‘किनारी व सागरी पर्यटन विकास धोरण’ तयार होत होतं. मसुद्याची शहाण्णव पानं मीच टाइप केली होती, त्यामुळे त्यातलं अक्षरही मला कळलेलं नव्हतं. धक्के, नौकाविहार, बेटांवरच्या सहली, समुद्रकिनाऱ्यावरची निवासस्थानं, सगळं त्यात होतं. धोरण पक्कं होण्याआधी लोकांच्या हरकती व सूचना मागवायच्या, त्यासाठी तीस दिवस द्यायचे, असा नियम. संचालक मॅडम नव्या होत्या, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्या म्हणाल्या, “लोकांनी किनाऱ्यावरून इथे कागद घेऊन यायचं, हे काही बरोबर नाही. आपलाच माणूस तिथे बसवू या.”

आपला माणूस म्हणजे अर्थात पोचराव.

किनाऱ्यावरच्या गावात त्यांना जुन्या जकात कचेरीच्या माडीवरची खोली मिळाली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर खारट हवेने पोपडे धरलेला निळा रंग. झोपायला पलीकडच्याच खोलीत खाट. खाली जिन्याशी, सावली धरून, साठीच्या एक बाई दिवसभर मासेमारीची जाळी सांधत बसायच्या. त्यांना सगळं गाव मावशी म्हणायचं.

पहिल्या अकरा दिवसांत चार कागद आले. हॉटेलवाल्यांच्या संघटनेचं बेचाळीस पानांचं गुळगुळीत निवेदन. खासगी नौकांसाठी बंदर बांधू इच्छिणाऱ्या एका कंपनीचा नकाशांचा गठ्ठा. मसुद्यातल्या एकोणीस शुद्धलेखनाच्या चुका दाखवणारं एका निवृत्त मास्तरांचं पत्र, ज्यातल्या सतरा माझ्या होत्या. आणि चौथी हरकत शेजाऱ्याच्या गटाराबद्दल. पोचरावांनी चौघांनाही सारख्याच आदराने पोच दिली.

बाराव्या दिवशी ते जेवायला खाली उतरले, तेव्हा मावशींनी हातातली सुई न थांबवता विचारलं, “साहेब, तुम्ही वर दिवसभर करता तरी काय?”

“हरकती आणि सूचना स्वीकारतो.”

“कशाबद्दल?”

पोचरावांनी वर जाऊन मसुद्याची एक प्रत आणून दिली. मावशींनी चष्मा लावला, बोट ठेवत एक ओळ वाचली आणि प्रत परत केली. “वाचता येतं मला. पण हे वाचून काय करू? ‘अप्रयुक्त क्षेत्रांचा पर्यटनाभिमुख विकास.’ अप्रयुक्त म्हणजे?”

“म्हणजे वापरात नसलेलं.”

“आमच्याकडे कुठलं आहे बुवा असं?”

पोचरावांनी परिशिष्टातला नकाशा काढला. गावाच्या दक्षिणेला, खडकाच्या आडोशाला, पिवळ्या रंगाची एक पट्टी होती. क्षेत्र क्रमांक चार. मावशी त्या पट्टीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “वादळाच्या महिन्यांत आम्ही होड्या तिथेच वर ओढतो. साठ-सत्तर होड्या. एरवी जाळी वाळत घालतो. हे वापरात नाही, असं कुणी सांगितलं?”

“उन्हाळ्यात पाहणी झाली असेल,” पोचराव म्हणाले. “होड्या तेव्हा पाण्यात असणार.”

“मग लिहा की तसं.”

“मी लिहू शकत नाही. मी स्वीकारतो. तुम्ही लेखी दिलं, तर मी लगेच पोच देईन.”

मावशींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. “मी सकाळपासून गाठी मारते आहे, भाऊ. या बोटांत आता पेन राहत नाही. तुमचे हात वर काय करतात? चार कागद आलेत म्हणे अकरा दिवसांत.”

पोचराव जेवले, वर गेले आणि नियमांची पुस्तिका काढून बसले. ‘सूचना लेखी स्वरूपात असावी.’ ‘सूचना करणाऱ्याची सही अथवा अंगठा असावा.’ हे दोन्ही नियम त्यांना पाठ होते. पण आज पहिल्यांदाच त्यांच्या लक्षात आलं, की लिहिणारा हात कुणाचा असावा, याबद्दल त्यात चकार शब्द नव्हता.

एखाद्याने लगेच पेन उचललं असतं. पोचरावांनी दोन दिवस घेतले. एकतीस वर्षांत त्यांनी कागदावर स्वतःच्या मनाने एक ओळ लिहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी घरी फोन केला. काकू घरी शाळांचे गणवेश शिवायच्या. मागे मशीन चालू होतं, आणि फोन आला म्हणून ते काही थांबलं नाही.

“अहो, एवढा विचार कसला करताय?” काकू म्हणाल्या. “कुणी कपडा आणला आणि म्हणाला शिवून द्या, तर मी त्याला सुई-दोरा देऊन घरी पाठवते का?”

“पण कापड त्यांचं असतं.”

“मग? बोलणंही त्यांचंच आहे की. तुम्ही नुसतं शिवा. आणि माप नीट घ्या.”

तिसऱ्या दिवशी सकाळी पोचरावांनी आपली खुर्ची उचलून जिन्याखाली, मावशींच्या शेजारी आणून ठेवली. मावशी बोलल्या, त्यांनी लिहिलं, लिहिलेलं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी मावशींनी ‘असं नाही म्हटलं मी’ म्हणून सुधारायला लावलं. मग सही केली. पोचरावांनी पोच दिली. मावशींनी ती घडी घालून सुयांच्या डब्यात ठेवली.

दुपारपर्यंत सहा जण आले. दुसऱ्या दिवशी वीस. पोचराव सांगायचे, की पहिले काही दिवस लोकांचं बोलणं कागदावर कसं आणायचं तेच त्यांना कळेना. एका होडीवाल्याने हवेत हात हलवत भरतीच्या पाण्याचं वर्णन केलं. तो हात कसा लिहायचा? दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देणारी एक विधवा परवान्याबद्दल बोलायला आली आणि पाऊण तास सासूबद्दल बोलली. पोचरावांनी शांतपणे ऐकलं आणि शेवटी विचारलं, “यातलं धोरणात काय घालू?” ती थबकली, मग खळखळून हसली आणि म्हणाली, “घाला, की दोन खोल्यांच्या घराला मोठ्या हॉटेलाएवढे कागद मागू नका.” तेवढं एकच वाक्य, पण पक्कं.

हॉटेलवाल्यांच्या संघटनेचे अध्यक्षही एकदा गाडीतून उतरून बघायला आले. ही गर्दी आपल्याविरुद्ध आहे, असा त्यांचा समज होता. थोडा वेळ उभे राहिले, मग रिकाम्या पेटीवर बसले. म्हणाले, “माझंही एक लिहून घ्या. बेचाळीस पानांत ते राहिलं. माझ्या पाहुण्यांना समुद्रापर्यंत चालत जाता येत नाही, मधे सगळ्यांनी कुंपणं घातली आहेत. एक कुंपण माझंही आहे.” पोचरावांनी ते जसंच्या तसं लिहिलं. शेवटचं वाक्य वाचून दाखवल्यावर अध्यक्षांनी जरा विचार केला आणि राहू द्या म्हणून सही केली.

चोविसाव्या दिवशी बेटावरची बोट चालवणारा माणूस आला. उंच, कमी बोलणारा. “बेटावरचे लोक विचारतात, साहेब तिकडे कधी येणार?”

“त्यांनी इथे आलं तर?”

“तेच तर सांगायचं आहे त्यांना. येता येत नाही. रविवारी तर नाहीच.”

पोचरावांना लग्नानंतरची ती होडी आठवली. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी ते कागद, शिक्का आणि शाई प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून धक्क्यावर हजर झाले. पाऊण तासाचा प्रवास. पहिली दहा मिनिटं त्यांनी क्षितिजाकडे बघायचा प्रयत्न केला, पुढची पस्तीस मिनिटं बादलीकडे. बोटवाल्याने एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्या हाताने त्यांची कॉलर धरून ठेवली होती. “साहेब, किनारी खात्यात आहात ना तुम्ही?” त्याने विचारलं. पोचरावांनी बादलीतूनच होकार दिला.

बेटावरच्या शाळेच्या एकुलत्या एक वर्गात शाळेच्या बाईंनी पस्तीस माणसं गोळा केली होती. पोचराव भिंतीला टेकून बसले, तोंडावर पाणी मारलं आणि लिहायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं अक्षर बिघडलं. मी नंतर ते कागद पाहिले, तेव्हा आधी ते दुसऱ्याच कुणाचे वाटले.

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सांगितलं ते असं: सुट्टीच्या दिवशी सहलीची माणसं येतात. येऊ देत, त्यांच्यामुळे बेटावर चार कामं निघाली. पण संध्याकाळची शेवटची बोट त्यांनीच भरते. गेल्या महिन्यात या गृहस्थांची बायको डोळ्यांच्या दवाखान्यात पलीकडच्या गावी गेली होती. परतीच्या बोटीला मौज म्हणून जाणारी मंडळी होती, रात्री बेटावर मुक्कामाला. हिला जागा नाही. डोळ्याला पट्टी बांधलेली बाई धक्क्यावरच्या बाकावर बसून राहिली, आणि समोर तिचं घर दिसत होतं. दिसत होतं म्हणजे एका डोळ्याने.

“बोटवाल्याचा दोष नाही,” म्हातारे म्हणाले. “त्याला माणसं मोजून घ्यावी लागतात. पण आठ जागा आमच्या ठेवा. कुणी नाही आलं, तर सोडून द्या. आठच.”

“आठच का?” पोचरावांनी विचारलं.

“आम्ही मोजलंय. रोज जाऊन-येऊन सात असतात. एक डोळ्यांच्या पट्टीची.”

तीस दिवस संपले. पोचराव कचेरीत परतले, उन्हाने रापलेले आणि चार किलोंनी कमी झालेले. नोंदवहीत दोनशे अठरा हरकती व सूचना होत्या. खात्याच्या इतिहासात इतक्या कधी आल्या नव्हत्या.

उपसंचालक साहेबांनी गठ्ठा चाळायला घेतला आणि दहाव्या कागदाला त्यांच्या भुवया वर गेल्या. विसाव्याला ते उठून आमच्या विभागात आले. “पोचराव, हे काय गौडबंगाल आहे? दोनशे अठरांतले दोनशे चौदा कागद एकाच हाताचे?”

“हो साहेब. माझ्या.”

“उद्या कुणी म्हणेल, खात्याच्या माणसानेच घरी बसून दोनशे हरकती रचल्या. हे सगळं बाद करावं लागेल. तुमचा लेखी खुलासा द्या.”

पोचरावांनी कागद ओढला आणि तिथेच चार ओळी लिहिल्या. ‘सूचना लेखी असावी असे नियमात आहे. ती कोणाच्या हाताची असावी, असे नाही. लिहिलेले प्रत्येकास वाचून दाखवले आहे व त्यानंतरच सही अथवा अंगठा घेतला आहे. यात चूक असल्यास ती माझी धरावी, सांगणाऱ्यांची धरू नये.’ मग सवयीने त्यांनी स्वतःच्याच खुलाशावर शिक्का मारला, नोंद केली आणि स्वतःलाच पोच दिली. मला हसू आलं आणि रडूही. दोन्ही मी टंकलेखन यंत्रामागे उरकलं.

संचालक मॅडमनी खुलासा वाचला. गठ्ठ्यातून डोळे मिटून तीन कागद ओढले. त्यातला एक मावशींचा निघाला. “नुसत्या खुलाशावर मी हे घेणार नाही, आणि बादही करणार नाही,” त्या म्हणाल्या. “उद्या सकाळी निघू. या तिघांना भेटू.”

त्या भेटीला मीही होते, टिपणं घ्यायला. मावशी जिन्याखालीच होत्या. मॅडमनी कागद स्वतःकडे ठेवला आणि नुसतं विचारलं, “तुम्ही काय सांगितलं होतं?” मावशींनी सुई चालू ठेवत सगळं सांगितलं, कागदावर होतं त्याच क्रमाने. होड्या, जाळी, वादळाचे महिने. मॅडमचं बोट ओळीओळीने खाली सरकत होतं. शेवटच्या ओळीशी ते अडखळलं.

मावशी म्हणत होत्या, “आणि म्हटलं, ज्याने हा नकाशा काढला त्याला एकदा वादळात इथे उभा करा. म्हणजे रिकामी जागा कुठली, ते त्याला कळेल.”

कागदावर होतं: ‘नकाशा तयार करताना सर्व ऋतूंत प्रत्यक्ष पाहणी व्हावी.’

“पोचराव,” मॅडम म्हणाल्या, “हे बदललंत तुम्ही.”

पोचरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “ते कार्यालयीन भाषेत बसत नव्हतं, मॅडम. यांनी वाचलेलं ऐकलं आणि चालेल म्हणाल्या.”

“भाऊंची अडचण कळली मला,” मावशी म्हणाल्या. “म्हटलं, त्यांनाही त्याच कचेरीत परत जायचं आहे.”

मॅडमनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, “तो नकाशा मीच मंजूर केला होता.”

मावशींनी पहिल्यांदा सुई थांबवली. मॅडमना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेजारची पेटी पुढे सरकवली. “मग बरं झालं आलात. बसा. पाणी देते.”

उरलेल्या दोघांचंही बोलणं कागदाशी जुळलं. परतताना गाडीत मॅडम एवढंच म्हणाल्या, “बेटावरचे कागद मला वेगळे काढून द्या.”

धोरण सात महिन्यांनी छापून आलं. दोनशे अठरांतल्या पाच सूचना त्यात शिरल्या. क्षेत्र क्रमांक चारचं नाव बदलून ‘हंगामी वापराचे क्षेत्र’ झालं, तिथे बांधकाम नाही. शेवटच्या बोटीत आठ जागा, बोट सुटायच्या दहा मिनिटं आधीपर्यंत, रहिवाशांसाठी राखीव. समुद्राकडे जाणाऱ्या पायवाटांवर कुंपण घालता येणार नाही. आणखी दोन किरकोळ. दोन खोल्यांच्या घरांच्या परवान्याचं मात्र काहीच झालं नाही. ती विधवा आजही मोठ्या हॉटेलाएवढे कागद भरते आणि त्याबद्दल पोचरावांना सोडून सगळ्यांना नावं ठेवते. नौकांचं बंदरही आलं, गावाच्या उत्तरेला. ते चांगलं झालं की वाईट, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

पोचरावांना एक लेखी ताकीद मिळाली. कार्यकक्षेबाहेर जाऊन काम केल्याबद्दल. ती अर्थात आवक-जावक विभागातूनच यायची होती, तेव्हा तिची नोंद त्यांनीच केली. धोरणाची एक प्रत ते घरी घेऊन गेले. काकूंनी पाच ठिकाणच्या खुणा बघितल्या आणि विचारलं, “यात तुमचं नाव कुठे आहे?”

“नसतं.”

“आणि त्या मावशींचं?”

“तेही नसतं.”

“कपड्यावरही शिवणाऱ्याचं नसतंच म्हणा,” काकू म्हणाल्या आणि दोरा तोडला.

त्याच वर्षी ते निवृत्त झाले. पुढच्या सुट्टीत काकूंनी हट्टाने त्यांना किनाऱ्यावर नेलं. दोघं बेटावर गेली. काकू बोटीच्या टोकाशी उभ्या होत्या आणि पोचराव कुठे होते, हे सांगायची गरज नाही. दिवसभर बेट पाहून संध्याकाळी दोघं बेटाच्या धक्क्यावर परत आली, तर शेवटची बोट सहलीच्या माणसांनी भरलेली. आठ जागा तेवढ्या रिकाम्या, आणि पलीकडे जाणारे बेटवाले त्या दिवशी पाचच.

बोटवाल्याने त्यांना ओळखलं. “साहेब, या ना. तुम्हीच तर लिहिलंय हे.”

“राखीव वेळ संपली का?”

“चार मिनिटं राहिलीत. पण कोण विचारतंय?”

पोचराव बाजूला उभे राहिले. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं, मग पिशवी बाकावर ठेवली आणि स्वतःही बसल्या. दोन मिनिटं राहिली असताना शाळेच्या बाई दोन विद्यार्थिनी आणि एक मोठी पेटी घेऊन धावत आल्या. विज्ञान प्रदर्शनाला पलीकडे जायचं होतं. बोट पूर्ण भरली आणि सुटली. जाताजाता बाईंनी ओरडून स्वतःच्या घराची किल्ली काकूंच्या दिशेने फेकली. “स्टोव्ह जरा त्रास देतो, पंप हळू मारा!”

काकूंनी किल्ली झेलली. दोघं चढण चढून बाईंच्या घरी गेली. स्टोव्ह तिसऱ्या खेपेला पेटला. पोचरावांनी चहा केला आणि दोघं कप घेऊन पायरीवर, अजून उजेड होता तोवर, बसून राहिली.